मी पास झाले आणि मॅडम हादरल्या

आदरणीय नसीम मॅडमांची आणि माझी ओळख झाली ती आमच्या अंगणातल्या नळाखाली. तेलगावच्या चौकात रफीकभाईंचे गॅरेज आहे. त्यांनी आमच्या भिंतीला लागून घर बांधले आणि कुटुंब राहायला आले. त्यांच्या पत्नी तालुक्याच्या गावी परिचारिका विद्यालयात शिकवतात आणि रोज एसटीने जातात-येतात, एवढेच मी ऐकून होते. एका सकाळी पुऱ्या तळताना माझ्या हातून कढई कलंडली आणि मनगटावर तेल आले. मी ओरडले आणि हळदीचा डबा शोधू लागले. तेवढ्यात मॅडम भिंतीपलीकडून धावत आल्या, माझा हात धरून मला अंगणात ओढत नेले आणि नळ पूर्ण सोडून हात त्याखाली धरला.

"अहो, पाणी वाया चाललंय," मी म्हणाले. आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येते ते बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

"मग हात वाया घालवू का?" मॅडम म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही. तुळशीभोवती तळे झाले. माझा जीव त्या पाण्यात अडकलेला, पण हाताला साधा फोडही आला नाही. चहा घेता घेता मी विचारले, "मुलींना तुम्ही हेच शिकवता का?" त्या म्हणाल्या, "हेच. शिकवणं सोपं असतं, सुमनबाई. शिकल्या का, हे ओळखणं अवघड." ते बोलणे तेव्हा माझ्या डोक्यावरून गेले.

मॅडमांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून त्यांच्या विद्यार्थिनी हा गौरवग्रंथ काढत आहेत. त्यात मी लिहावे असा निरोप आला, तेव्हा मला वाटले, घर चुकले. मी दहावी शिकलेली गृहिणी. देवधर्म करावा, घराचा आणि बचत गटाचा हिशेब ठेवावा, हे माझे जग. पण मुली म्हणाल्या, "काकू, तो पेपर तुम्हीच सोडवला होता ना? मग त्यावर दुसरं कोण लिहिणार?" म्हणून लिहिते. जे घडले त्याचा धक्का मला अजून पुरता पचलेला नाही, तेवढे समजून घ्यावे.

माझी सून वर्षा बारावी होऊन आमच्या घरी आली. तिच्या हाताला गुण आहे, मन खंबीर आहे, हे मॅडमांनीच प्रथम ओळखले. एकदा आमच्या गल्लीतल्या म्हातारीच्या पायाची जखम धुताना ती तोंड न फिरवता बसली होती. मॅडम मला म्हणाल्या, "हिला एएनएमला घाला, नर्सच्या कोर्सला. उपकेंद्रात बाळंतपणं करणाऱ्या, लसी देणाऱ्या मुली लागतात. शिकवणं मराठीतून असतं, हिला जमेल." माझ्या मनात होतेच. अडचण होती ती आमच्या मालकांची. त्यांना सारे गाव अण्णा म्हणते. सून रोज एसटीने तालुक्याला जाणार, हे त्यांच्या गळी उतरेना. आठ दिवस घरात धुसफुस झाली. शेवटी ते म्हणाले, "एक वर्स बघू. वर वर गेली तर शिकू दे. घसरली की घरी. मंग मला पुन्यांदा इचारायचं न्हाई." वर्षाने मान हलवली. ही अट आमच्या घरात लिहिल्यासारखी पक्की झाली.

ती मॅडमांच्याच शाळेत जाऊ लागली. वर्ष संपले. शाळेच्या वार्षिक परीक्षेत वर्षा वर्गात पहिली आली. मी देवापुढे समई लावली, गुळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. अण्णा काही बोलले नाहीत, पण चौकात जाऊन त्यांनी कोणाकोणाला सांगितले ते मला दुसऱ्या दिवशी बायकांकडून कळले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते. मॅडम वर्षाचे कौतुक करायला आल्या. येताना त्यांनी परीक्षेच्या पेपराच्या उरलेल्या प्रती आणल्या होत्या. मी पाठकोरे कागद टाकत नाही, मागच्या बाजूला किराणा लिहिते, हे त्यांना ठाऊक होते. माझ्यासाठी त्या ते जपून आणत. मी वरचा कागद उचलला. एक प्रश्न, खाली चार उत्तरे, त्यातले बरोबर असेल त्यावर खूण करायची, असा तो पेपर होता. मॅडम म्हणाल्या, "आता मोठमोठ्या परीक्षा अशाच असतात. मुलींना सवय व्हावी म्हणून मीही असाच काढला. तपासायलाही सोपं."

"वाचून बघू का? माझी सून काय शिकली ते कळू दे."

"बघा की. उत्तर पण सांगा," मॅडम हसत म्हणाल्या.

पहिल्याच प्रश्नात एका औषधाचे नाव होते, मॅग्नेशियम सल्फेट. मला वाटले, हे तर आमच्या उसाला टाकतात ते खत. गरोदर बाईला झटके येतात तेव्हा ते देतात, हे मला आज माहीत आहे. हे औषध चालू असताना परिचारिकेने कशावर लक्ष ठेवावे, असा प्रश्न होता. उत्तरे होती: अ, केस. ब, उंची. क, श्वासाचा वेग, गुडघ्याला हातोडी मारल्यावर होणारी हालचाल आणि लघवीचे प्रमाण. ड, दात.

"क," मी म्हणाले.

"अगं बाई, बरोबर!" मॅडमांनी टाळी दिली. वर्षा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती म्हणाली, "आत्या, उद्यापासून तुमीच चला वर्गात. डबा मी करते." भिंतीपलीकडे रफीकभाई हात धूत होते, त्यांनी ओरडून सांगितले, "भाभी, कल से सुई आप ही लगाव! मॅडम को छुट्टी!" आम्ही सगळे हसलो.

मी पुढे वाचत गेले. डाळीतले खडे बाजूला करायचे, प्रश्न वाचायचा, उत्तर सांगायचे. मॅडम माझ्या उत्तरांवर खुणा करत होत्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की हसण्याचा आवाज येत नाही. मान वर केली तर मॅडमांचा चेहरा उतरलेला. त्या नुसते "पुढचा" म्हणत होत्या. "पुढचा." "पुढचा." शेवटचा प्रश्न झाल्यावर त्यांनी खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कागद मांडीवर पालथा ठेवला.

मी पास झाले होते. काठावर नाही, चांगली पास झाले होते.

माझ्या हातातले सूप तसेच राहिले. ज्या रोगांची नावे मला धड वाचता आली नाहीत, त्यांच्या परीक्षेत मी पास! मला आधी हसू आले आणि मग अंगावर काटा आला.

"कसं ओळखलंत? एकेक सांगा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

आता मला काय माहीत? जे सुचले ते मी सांगितले. "मॅडम, खरं उत्तर लांब असतं. खोटं बोलणारा थोडक्यात उरकतो, खरं सांगणाऱ्यालाच सगळं नीट सांगावं लागतं. तुम्ही तीन उत्तरं दोन शब्दांत लिहिली आणि एक चांगलं ओळभर. मग ते खोटं कसं असेल? 'नेहमी' आणि 'कधीच नाही' असं जिथं लिहिलंय ते मी सोडून दिलं. संसारात नेहमी असं काय असतं? 'वरील सर्व' लिहिलं होतं तिथं तेच धरलं, कारण उगाच कोण लिहील. लोहाच्या गोळ्या कशासोबत घ्यायच्या ते इथं विचारलंय, आणि पुढच्या पानावर दुसऱ्याच प्रश्नात तुम्हीच लिहिलंय की बाई लिंबूपाण्याबरोबर गोळी घेते. आणि काहीच कळलं नाही तिथं क म्हणाले. बाई सोन्याचा डाग ठेवते तर मधल्या कप्प्यातच ठेवते."

मॅडमांनी वर्षाकडे पाहिले. "वर्षा, तूही असंच ओळखलंस?"

वर्षाची मान खाली. "काही काही, मॅडम. वाचलं बी होतं. पन... तुमचा क ठरलेला हाय असं होस्टेलच्या पोरी म्हणतात. वरच्या वर्गातल्या पोरींनी सांगितलंय."

मॅडम एकदम उभ्या राहिल्या. ओसरीच्या खांबाला धरून त्या म्हणाल्या, "सुमनबाई, हा कागद म्हणतोय तुम्ही नर्स आहात. उद्या तुम्हाला उपकेंद्रावर एकटं पाठवायचं का मी? दवाखाना लांब, गाडी नाही, समोर बाळंत होणारी बाई. पाठवू?" चहा न घेता त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर कागद लागला. वर्षाने येऊन सांगितले तेव्हा मला आधी खरेच वाटेना. मॅडमांनी स्वतःच्या सहीने लिहिले होते की पेपर काढण्यात माझी चूक झाली, त्यावरून कोणाला काय येते ते कळत नाही, मुलींचा यात दोष नाही, निकाल मागे घेत आहे, महिन्याने फेरपरीक्षा होईल. चूक झाकणारी माणसे मी जन्मभर पाहिली. चूक फळ्यावर चिकटवणारे माणूस मी पहिल्यांदा ऐकले.

त्याआधी मॅडम शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांकडे गेल्या होत्या. तेव्हाचा संवाद तिथल्या शिपायाने सगळ्या गावाला ऐकवला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, निकाल लावून मागं घेत असतेत का कुठं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नसीमला पेपर काढता येत नाही. खरंच आहे ते."

"आवो, बाकीच्यांचे पेपर बी असेच असतेन की! तुमीच कावून अंगावर घेता?"

"असतील. मी माझ्यापासून सुरू करते."

अध्यक्षांनी हात जोडले म्हणे. ते होकाराचे होते की वैतागाचे, यावर शिपायाला नक्की सांगता येत नव्हते.

आमच्या घरात मात्र आभाळ कोसळले. वर्षा चुलीपुढे बसून रडली. "आत्या, तुमी कावून बसलात ओ सोडवायला? डाळ निवडायची सोडून! माझा पयला नंबर होता." अण्णा ताटावरून म्हणाले, "शेजारीन असावी तर अशी. हातात आलेला नंबर काढून नेला. आन् तू, तुला कुणी सांगितलं होतं नर्स व्हायला?" मुलगा गणेश शेतावर निघून गेला. मला वर्षाचे रडणे सहन होईना. त्या दिवसांत मॅडमांचा मला राग आला हे मी लिहिते, कारण खोटे लिहिलेले त्यांना आवडणार नाही. भिंतीपलीकडून त्यांनी हाक मारली तर मी जेवढ्यास तेवढे बोलत असे.

त्याच दिवसांत त्या भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "सुमनबाई, तुमच्या घरी परीक्षेला बसणारी मुलगी आहे. पेपर होईपर्यंत मी तुमच्याकडे येणार नाही. राग मानू नका." मला ते टोचले. एवढे काय, आम्ही काय चोर?

पण संध्याकाळी मी ओट्यावरून पाहिले तर मॅडम गॅरेजवर. जुन्या टायरवर बसलेल्या, हातात कागद, आणि समोर परमुलखातले ट्रकवाले. रोज तेच. गावात कुजबुज सुरू झाली की नसीमबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही धास्ती वाटली. परीक्षा झाल्यावर रफीकभाईंनी सगळा उलगडा केला. मॅडम नवीन पेपर काढत होत्या आणि एकेक प्रश्न हिंदीत करून ट्रकवाल्यांना घालत होत्या. गाडी दुरुस्त झाली की तो माणूस रात्रीतून दुसऱ्या मुलखात, त्यामुळे प्रश्न फुटायची भीती नाही. पंजाबकडचा एक ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "बहेनजी, मला डिझेल कळतं, जुलाब कळत नाहीत." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला विचारते, भैया." त्याचे उत्तर बरोबर आले की मॅडम विचारत, का? तो म्हणे, हेच लांब वाटलं. की मॅडमांनी ते उत्तर छाटून इतरांच्या मापाचे केलेच.

एका ड्रायव्हरने साप चावल्याच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. जखम कापू नये, करकचून बांधू नये, पाय न हलवता थेट दवाखान्यात न्यावे. का, असे विचारल्यावर त्याने पॅन्ट वर करून पोटरी दाखवली. "मला चावला होता. गाववाल्यांनी ब्लेड मारलं, त्याची ही खूण." रफीकभाई सांगतात, मॅडमांनी तो प्रश्न तसाच ठेवला. "याला खरंच येतंय," त्या म्हणाल्या. येणारा आणि अंदाजाने मारणारा वेगळा ओळखू आला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

देवापुढे बसले की मी काय मागावे ते मला कळेना. पेपर सोपा येऊ दे म्हणावे, तर डोळ्यांपुढे ती लांबच्या उपकेंद्रातली बाई यायची, मॅडमांनी खांब धरून सांगितलेली. अवघड येऊ दे म्हणावे, तर घरात सून रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसलेली. शेवटी मी आमच्या कुलदेवीला, योगेश्वरीला, नुसता नमस्कार करत असे. मागणे तसेच राहायचे.

फेरपरीक्षेच्या दिवशी वर्षा दिवेलागणीला घरी आली. चप्पल काढून तशीच उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिले. पेपर कसा गेला, हे विचारायची माझी छाती होईना. तीच म्हणाली, "आत्या, एक प्रश्न होता. बाई बाळंत होऊन थोडाच वेळ झालाय. चादर रक्तानं भिजतीय. नाडी जोरात. पोटावर हात ठेवला तर मऊ लागतंय. तू आधी काय करशील?"

"मग?"

"चार उत्तरं. रक्तदाब मोजून कागदावर लिहीन. पोटावरून गर्भाशय चोळीन. चादर बदलून पुन्हा पाहीन. नातेवाइकांना बोलावून आणीन. सगळी एका मापाची. आन् आत्या, पयलं उत्तर माझं होतं."

मला समजेना. तिने पदराने तोंड पुसले आणि सांगितले. दवाखान्यात त्यांना कामासाठी पाठवतात. पहिल्या पेपराच्या आधी एकदा प्रसूती कक्षात एका बाळंतिणीजवळ तिला बसवले होते. चादर भिजू लागली. वर्षाने रक्तदाब मोजला आणि तो लिहायला टेबलाकडे गेली. अक्षर चांगले यावे म्हणून सावकाश लिहीत होती. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या, तिला बाजूला ढकलले, बाईच्या पोटावर हात दाबला आणि डॉक्टरांना हाक मारली. बाई वाचली. मॅडम तेव्हा दारात उभ्या होत्या.

"मॅडम तवा मला वरडल्या न्हाईत," वर्षा म्हणाली. "सांजच्याला सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवलं. मला वाटलं, मला समजलं. पयल्या पेपरात ह्याच धड्याचे मला पुरे मार्क होते, आत्या! लांब उत्तर बघून खूण केली होती. आज माझीच चूक समोर दिसली तवा पेन तिथंच थांबला माझा."

"आज काय लिहिलंस?"

"पोटावर हात."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, तरी बसले. माझ्या घरात समई लावून साजरा झालेला पहिला नंबर, आणि तिकडे एक बाई रक्तात, आणि माझी सून सुवाच्य अक्षरात रक्तदाब लिहितेय. ती बाई कोणाची तरी लेक होती. महिनाभर मी मॅडमांवर रुसून बसले होते. त्या पेपराने आमचा नंबर नेला नव्हता, जे नव्हते ते दाखवले होते. मग मला कळले की मॅडम चुकीची उत्तरे मनाने रचत नाहीत. दवाखान्यात मुली खरोखर ज्या चुका करतात त्या लक्षात ठेवतात आणि त्याच बरोबर उत्तराशेजारी मांडतात. चादर बदलणारी मुलगीही त्याच वर्गात होती. ज्याला येत नाही तो आपल्याच चुकीपाशी जाऊन थांबतो. केस, उंची, दात अशा उत्तरांपाशी कोण थांबणार?

निकाल लागला. काही मुली नापास झाल्या. वर्षा पास झाली, पण नंबर पार खाली, मधल्या मुलींतही शेवटाकडे. तिने येऊन सांगितले तेव्हा अण्णा बाजेवर बसले होते.

"पास झाले, मामा," ती म्हणाली.

"कितवी?"

वर्षाने निकालाचा कागद पुढे केला. मी म्हणाले, "पास झाली ना? अवघड पेपर होता."

"पयली होती, आता ह्या जागंवर. ह्येला काय म्हनतेत? घसरली म्हनतेत. माझा शब्द काय होता?" अण्णा तांब्या खाली ठेवत म्हणाले. "बास झालं. दिवाळीपस्तोर घरी राहू दे, मंग बघू." अण्णांचे 'मंग बघू' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षा आत गेली आणि तिने पिशवी खुंटीला अडकवली. तिच्या पायांचासुद्धा आवाज आला नाही.

तेवढ्यात दारात मॅडम. महिन्याभराने त्यांचे पाऊल आमच्या घरात पडत होते. बसा म्हटले तरी त्या बसल्या नाहीत. भिंतीपलीकडून त्यांना सगळे ऐकू गेले असावे.

"अण्णा, दोन शब्द बोलू?"

"बोला की. आता आनखी काय न्यायचं ऱ्हायलंय?" अण्णा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मॅडम शांत होत्या. "मागच्या वेळी तिचा पहिला नंबर आला तेव्हा तिला काय येतं ते मला माहीत नव्हतं. एक अक्षर माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुम्ही उसाचं रान बघून सांगता ना, कुठं पाणी पोहोचलं नाही? तसं मला आज तिचं दिसतंय. तिला जखम कळते, ताप कळतो, बाळंतपण आता कळतं. दोन गोष्टी येत नाहीत. औषधाची मात्रा काढताना भागाकार चुकतो. आणि लहान बाळाचा श्वास बिघडलेला तिला वेळेवर ओळखू येत नाही. या दोन मी शिकवीन. पण ती घरी बसली तर ज्या पेपरात चूक माझी होती, त्याची शिक्षा तिला."

अण्णांनी तांब्या बाजूला सारला. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांसमोर न दबणारा माणूस, पण 'चूक माझी' असे तोंडावर म्हणणाऱ्या बाईपुढे त्याचा आवाज खाली आला. मग त्यांनी विचारले, "भागाकार? शाळंतला?"

"शाळेतलाच. बाटलीत औषध एवढं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, तर सुईत किती घ्यायचं. एक शून्य इकडचं तिकडं झालं तर माणूस जातो."

अण्णा माझ्याकडे वळले. "ही घरचा हिशेब करती. हिचा भागाकार चुकत न्हाई. हिला बसव की तिच्यासंगं." आणि मॅडमांना म्हणाले, "त्या लेकराच्या श्वासाचं तुमी बघा. शिकवा."

आतून वर्षाने पिशवी खुंटीवरून काढल्याचा आवाज आला. मॅडम तेव्हा कुठे खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुमनबाई, आता चहा करा. साखर जरा जास्त." माझे डोळे भरून आले म्हणून मी लगेच आत गेले.

पुढे वर्षभर संध्याकाळी मी आणि वर्षा भागाकार करत बसलो. लहान बाळांच्या कक्षात मॅडमांनी तिला आपल्याशेजारी उभे केले आणि बाळाची छाती आत ओढली जाते ती डोळ्यांनी बघायला लावली. इतर मुलींसाठीही त्यांनी तेच केले. नापास झालेली धर्मापुरीची एक मुलगी तर त्यांच्या घरीच राहिली. तिच्या उपवासाच्या दिवशी रफीकभाई बाजारातून शोधून भगर आणत. मी एकादशीला कोरडी राहते म्हणून मॅडम मला पाण्यावरून रागावतात. रोज्यात मला मात्र त्यांना तसे रागावता येत नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

आज वर्षा गेवराईकडे चकलांब्याजवळच्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे. ती शाळेतून बाहेर पडल्यावर मॅडम पुन्हा माझ्या ओसरीवर पेपर आणू लागल्या. आता मी बहुतेक वेळा नापास होते. कधी अंदाज लागला तर मॅडम तिथल्या तिथे तो प्रश्न खोडतात आणि पुन्हा लिहितात. शाळेतल्या इतर शिक्षिकाही आता आपले पेपर आधी त्यांना दाखवतात. त्याच अध्यक्षांनी मागच्या वर्षी एका समारंभात सांगितले, "आमच्या शाळेत पेपर सोपा न्हाई, पन खरा हाय." मॅडम खाली मान घालून हसल्या.

मॅडम, नोकरीतून तुम्ही निवृत्त व्हाल, पण ओसरीवर यायचे थांबवू नका. तुम्हाला निरोगी आणि लांब आयुष्य मिळो, डोळे आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत, रफीकभाईंचे गॅरेज तुमच्या हसण्याने गाजत राहो, असे मी वैजनाथाला आणि माझ्या कुलदेवीला रोज मागते. आता मागणे मला कळते. माझेही वय होत चालले आहे. कधी तरी मीही एखाद्या दवाखान्याच्या खाटेवर निजलेली असेन, डोळे उघडायचे बळ नसेल, आणि माझ्या उशाशी एक अनोळखी मुलगी हातात सुई घेऊन उभी असेल. ती मुलगी तुमच्या हाताखालून गेलेली असो.